बसाण्णाची काळी चार

माझा जन्म कोगनोळीजवळच्या खेड्यातला, शाळा तिसरीपत्तोर, तीबी रडतखडत, आनि पुढची सगळी हयात गावातनं निपाणीला जाऊन तंबाखूच्या वखारीत पोती उचलन्यात गेली. हे आधीच सांगून ठेवतो, म्हंजे लिहिताना माझ्या तोंडी मोठी मोठी वाक्यं घालू नका. मोठंपन माझं एकच, गळा. माझा बाप देवळात भजन म्हनायचा ते काळी चारमधनं. काळी चार म्हंजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, तिथनं सा धरायचा, बाप्याच्या गळ्याला ती लई उंच. बाप तिथनं गायला, मीबी तिथनंच गायलो. आसपासच्या गावांत दत्तू म्हटलं की काळी चार, असं हुतं बगा.

पन गळा बापाचा, गानं बसाण्णाचं. बसाण्णाच्या घरात कन्नड, निपाणीत त्याचं पेटी दुरुस्तीचं दुकान. आमच्या देवळातली पेटी बंद पडली म्हनून आलता, शेवटची बस चुकली, बापानं घरी ठेवून घेतलं. आईनं भाकरी नि खर्डा वाढला. ह्यानं तीन भाकरी खाल्ल्या आनि म्हनाला, आक्का, अशी भाकरी मिळनार असंल तर तुमची पेटी मी मुद्दाम अर्धीच दुरुस्त करतो. आई हसली. माझी आई हसनारी बाई नव्हं, सांगतो तुम्हाला. तवापासनं दर गुरवारी हा सायकल मारत येनार, जेवनार, मग देवळात पेटीवर बसनार, अशी चाळीस वर्सं. मला पोरगी बघायला बसाण्णाच गेलता. येऊन म्हनाला, पोरीचा आवाज चांगला हाय, तुझ्यासंगं भांडली तरी सुरात भांडंल. भांडती अजून. सुरात का बिनसुरात ते मी सांगत न्हाय, ती आत हाय.

शिकवनं म्हंजे काय, मी वरडायचो आनि त्यालाच गानं समजायचो. तो पेटीवर एकच सूर धरून बसायचा, म्हनायचा तोंड मीट, आधी ऐक. घंटा घंटा ऐक. मग एकदा म्हनू द्यायचा, आनि म्हनून झालं की मान खाली घालूनच म्हनायचा, इन्नोम्मे. कन्नडात इन्नोम्मे म्हंजे आनि एकदा. वा न्हाय, छान न्हाय, नुस्तं इन्नोम्मे. मी मनात शिव्या घालायचो. आता तोच शब्द कानाला पायजे वाटतो, काय सांगू तुम्हाला.

साठी उलटल्यावर एकदा कणकुंबीला भजनाला गेलतो आनि वरच्या सुराला माझा आवाज फाटला. माणसं खाली बघाय लागली. येताना टेम्पोत बसाण्णा म्हनाला, दत्तू, पट्टी खाली घे, वय झालं, त्यात लाज कसली. माझं डोस्कंच फिरलं. म्हटलं, माझ्या बापानं मरेपत्तोर काळी चार सोडली न्हाय, मी सोडली तर मला दत्तू म्हनू नगंस. तो म्हनाला, बरं. दोन गुरवार मी देवळाकडं फिरकलोच न्हाय. तिसऱ्या गुरवारी हा घरी आला, जसं काय झालंच न्हाय, जेवला, पेटीचा भाता फाटलाय म्हनाला आनि पेटी सायकलला बांधून निपाणीला घेऊन गेला. दोन हप्ते ठेवली.

पेटी आल्यावर मी म्हटलं, काळी चार दे. दिली. बोट काळी चारवरच हुतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आनि आवाज असा सुटला, तरन्यापनी सुटायचा तसा. भजन संपल्यावर मी सगळ्यांच्या समोर म्हटलं, काय बसाण्णा, वय कुनाचं झालं, माझ्या गळ्याचं का तुझ्या कानाचं? सगळी हसली. बसाण्णानं भाता मिटला आनि म्हनाला, व्हय रं दत्तू, माझंच चुकलं.

पुढं आठ-नऊ वर्सं मी तसाच गायलो, आनि जाईल त्या गावात हे बोलनं सांगून माणसं हसवली. शेजारी बसून तोबी हसायचा. फकस्त एक हट्ट हुता त्याचा, कुठंबी जाऊ दे, पेटी आपलीच न्यायची, दुसऱ्याच्या पेटीचा भरवसा न्हाय म्हनायचा.

गेल्या थंडीत बसाण्णा गेला. झोपेतच गेला. महिन्यानं त्याच्या घरी भजन ठेवलं, तिथं त्याची स्वताची पेटी हुती, म्हनून आमची न्हेली न्हाय. मी म्हटलं, काळी चार द्या. आनि आवाज फाटला. मला वाटलं रडू दाटलंय. पानी प्यालो, परत धरला, परत फाटला. आमचा पखवाजवाला शिवा कानाशी आला, म्हनाला, आप्पा, काळी तीन घ्या. मी असं बघितलं त्याच्याकडं. गायलोच न्हाय, उठलो. शिवा मागनं बाहेर आला तशी त्याची मानगूट धरली, म्हटलं बोल, काय ठावं हाय तुला? तो रडायच लागला. आप्पा, बसाण्णानं शपथ घातलती. आपली पेटी त्यानं उतरवलीया. त्याचं बोट काळी चारवर, पन वाजती ती काळी तीन. पखवाज सुराला लावायला लागतो म्हनून मला सांगितलं, दुसऱ्या कुनाला न्हाय.

मी ऐकलं न्हाय. दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन पेटी खोलली. आत पितळंचे सूर असत्यात, बारक्या पट्ट्या, एका बोटाला दोन दोन. पट्टीच्या बुडाशी खरवडलं की सूर उतरतो. एक न्हाय, दोन न्हाय, पेटीतला एकून एक सूर बुडाशी खरवडलेला. एका डोळ्यात मोतीबिंदू हुता त्याच्या. म्हंजे कानानंच केलं सगळं, एकेक खरवडायचा, वाजवून बघायचा, परत खरवडायचा, आनि दोन हप्त्यांनी येऊन माझंच चुकलं म्हनायचं. मी तिथंच पेटीम्होरं बसलो. म्हातारी शोधत आली जेवायला, तवा उठलो.

आता भजनी मंडळातली म्हनत्यात, पेटी बेळगावला न्हेऊन सूर चढवून आनू, दुसऱ्या वाद्यांशी जुळत न्हाय. मी म्हटलं, मी हाय तवर त्या पेटीला कानस लागनार न्हाय. आनि त्याच गुरवारी देवळात उभा राहून सांगितलं, बसाण्णाचं चुकलं नव्हतं, गळा माझाच उतरलाय, मी गातो ती काळी तीन हाय. कुनीच हसलं न्हाय. हसली असती तर बरं वाटलं असतं मला, त्याला हसली हुती तशी.

तुम्ही या एका गुरवारी, आमची म्हातारी भाकरी करंल. पेटी आता मीच वाजवतो, येडीवाकडी. म्हनून झालं की सवयीनं डाव्या अंगाला बघतो, तिथं तो बसायचा. शिवा पखवाजावर हात ठेवून थांबतो, त्याला ठावं हाय मी कशाची वाट बघतोय. मग मीच म्हनतो, इन्नोम्मे. आनि परत धरतो.