काकांची पाच मिनिटं

भाची : थांब, मावशी. 'उपेक्षित घटकांचं सर्वांगीण सक्षमीकरण' हे कुठून आणलंस?

मावशी : तुझ्याच मागच्या अर्जातून. पाठ करून ठेवलंय.

भाची : त्या अर्जाला नकार आला होता.

मावशी : आपल्या पोरीचं लिखाण, वाया कशाला घालवायचं?

भाची : ते विसर आता. उद्या देणगीदार मंडळी समोर बसणार, तुला पाच मिनिटं देणार. त्यांना एवढंच कळायला हवं, की पक्षाघाताच्या झटक्यानं ज्यांची वाचा गेली ती माणसं आपल्या केंद्रात येऊन—

मावशी : पुन्हा बोलायला शिकतात. बघ, तुझं वाक्य मी पुरं केलं. केंद्रात असते तर सगळ्यांनी डोळे वटारले असते माझ्यावर.

भाची : तो नियमही सांग ना.

मावशी : काय सांगू? कुणाचा शब्द अडला तर तो आपण द्यायचा नाही, थांबायचं. थांबण्यासाठी पैसे कोण देतं गं?

भाची : आणि नाही दिले तर?

मावशी : केंद्राची खोली सोडावी लागेल. मग ही माणसं घरी बसतील, घरचे मायेनं त्यांची वाक्यं पुरी करतील आणि ती हळूहळू कायमची गप्प होतील. याचीच धास्ती आहे मला.

भाची : असंच बोल उद्या. अर्जातलं नको. केंद्र का काढलंस, ते सांग.

मावशी : ते आमच्या घरातलं आहे.

भाची : मी काय परकी आहे?

मावशी : तुझ्या काकांची वाचा गेली, तेव्हा मी त्यांच्या वाटचंही बोलत सुटले होते. भूक लागली का? लागली असेल. पाणी हवंय का? नको असेल. प्रश्न माझा, उत्तरही माझंच. मग एकदा सर्दीनं माझाच घसा बसला. चहाचा कप मुकाट्यानं पुढ्यात ठेवला, तर हे बराच वेळ खटपट करून म्हणाले, "चहा गार आहे."

भाची : इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य, आणि तेही तक्रारीचं?

मावशी : तक्रारीचंच. इतकं गोड मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. ओट्याशी उभी राहून रडले मी.

भाची : मावशी, हेच सांग. बाकी काही नको.

मावशी : त्यांना न विचारता? अहो, तिथं बसून ऐकलंत ना सगळं? सांगू का मी उद्या?

काका : न... नको.

भाची : राहू दे, काका. आपण दुसरं काहीतरी—

मावशी : थांब गं. त्यांचं संपलेलं नाही.

काका : मी... मी सांगतो.

भाची : पण काका, पाचच मिनिटं आहेत. तेवढ्यात तुमची एकदोन वाक्यं होतील.

मावशी : मग तेवढीच ऐकतील. मागच्या वेळी मी घडाघडा बोलले, काय दिवे लागले? करा हो सुरुवात. आम्हाला घाई नाही.

(काका खुर्ची पुढे ओढतात. दोघी थांबून राहतात.)

काका : चहा... गार होता. ही... ही रडली.

भाची : छान झालं, काका. एवढं पुरे—

मावशी : श्श.

काका : मग मी... तो... सगळा प्यालो. गारच.