आलुबुखाराची ढेप

भानुदासचं कौतुक माझ्यासमोर करू नका. का ते सांगतो.

हा माझा शेजारी. भिंगारला मिलिटरीच्या मेसमध्ये आचारी होता. त्यानं आलुबुखाराचा जाम केला आणि वाटीभर आमच्याकडं धाडला. बायको दोन्ही वेळा भाकरीला लावून तोच खायला लागली. वर मलाच म्हणाली, "लई ग्वाड हात हाय भावजींचा!"

मी जन्मभर गुऱ्हाळावर गूळ केला. म्हटलं, हा मला गोडाचं शिकवणार? मीही आलुबुखार आणले, साखर घातली आणि चुलीवर ठेवले. थेंब पाण्यात टाकून टणक गोळी होईपर्यंत आटवलं, गुळाला आटवतात तसं. सकाळी बरणीत चमचा शिरेना. आत ढेप झाली होती.

बायको म्हणाली, "कुऱ्हाड आनू का?"

तेवढ्यात भानुदास आला. सुरीनं एक खडा फोडून तोंडात टाकत म्हणाला, "अण्णा, झ्याक झालंय की! कसं केलं?" मी छाती फुगवून सगळं सांगितलं.

परवा त्यानं गल्लीभर आलुबुखाराच्या वड्या वाटल्या. आमच्याकडंही आल्या. बायको वडी चघळत म्हणाली, "बघा, ह्याला म्हनत्यात हात!"