पांढरे ठिपके, लाल ठिपके

सन्माननीय अध्यक्ष कार्यपालन यंत्री साहेब, व्यासपीठावरील सरपंच रघुनाथराव, सत्कारमूर्ती हिरामणदादा, त्यांच्या सौभाग्यवती लीलाबाई आणि सौंसरच्या या सभागृहात जमलेल्या शेतकरी बंधूभगिनींनो,

तीस वर्षे कालव्याची चौकीदारी केलेल्या माणसाबद्दल मी, दोन वर्षांचा उपयंत्री, काय बोलणार? त्यांची एक रीत तेवढी सांगतो.

आपल्या कालव्याचे पाणी दोन वारी मिळते, सोमवारी आणि मंगळवारी. ज्यांचे आपसात वैर, त्यांना एका वारी पाणी द्यायचे नाही, हा दादांचा नियम. दरवर्षी ते गोदामाच्या फरशीवर घरांची नावे लिहीत. एका घराला चुन्याचा ठिपका, म्हणजे सोमवार. त्याच्या सगळ्या वैऱ्यांना गेरूचा, म्हणजे मंगळवार. मग त्या मंगळवारवाल्यांचे जे वैरी, त्यांना पुन्हा चुना. एक फेरी पुरी झाल्याशिवाय पुढची नाही. शेवटी दोन वैरी एका रंगात सापडले नाहीत, की पाणी सोडायचे. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात मला ही रीत कुठे दिसली नाही, पण तीस वर्षांत पाण्यावरून कुणाचे डोके फुटले नाही.

यंदा दादा फरशीवरून उठेनात. शालिकरामजींना चुना लागला, त्यांचे वैरी गुणवंताजी आणि मोतीरामजी यांना गेरू. पण पोळ्यानंतर शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या दोघांचेही आपसात फाटलेले. मी हसत म्हटले, "दादा, गुणवंताजींपासून सुरू करा की." केले, तर शालिकरामजी आणि मोतीरामजी एका रंगात आले. मोतीरामजींपासून केले, तर उरलेले दोघे.

"साहेब, कुठूनबी धरा, हे तिघं दोन वारात बसून नाही राहिले," दादा म्हणाले. "तिसरा वार द्या. नाही तं फावडे निघतीन."

छापील तक्त्यात रकाने दोनच. तिसऱ्यासाठी वर लिहावे लागले असते, आणि उत्तर यायला महिना. मी गेरूचे दोन्ही ठिपके तसेच ठेवून सही केली.

तिघेही आज इथे आहेत. हार घालायला आले तेव्हा मी पाहत होतो. एक खाली बसेपर्यंत दुसरा उठला नाही.

आज सोमवारची पाळी सुखरूप झाली. उद्या मंगळवार. आंबिया बहाराचे पहिले पाणी. ज्याच्या संत्र्याला उशीर, त्याची फुले गेली. मग आधी कोण थांबेल? आणि कालव्याच्या दारावर उभा कोण असेल? दादांच्या जागी आजच रुजू झालेला त्यांचा मुलगा दिलीप. लीलाबाई, हे तुमच्यादेखत बोलायला नको होते, पण मला भीती वाटते आहे.

अध्यक्ष महोदय, आपण वेळ काढून आलात, आपले आभार. चहाफराळ करणाऱ्या मंडळींचेही. माझ्या बोलण्यातले उणेदुणे पोटात घालावे, सही मात्र घालू नये. तो तक्ता आपल्यासमोर ठेवला आहे. पाणी सकाळी सातला सुटते.