गोळी डाव्या पायाला

—बसा हो, उठताय कुठे, चहा टाकलाय मी. हे वडपे गावच्या सभेला गेलेत, इतक्यात यायचे नाहीत—माइक हातात आला की ह्यांना घर आठवत नाही. दिघाशीच्या सभेचंच विचारायला आलात ना? मग सरळ विचारा की! पेपरवाल्यांनी लाजून कसं चालेल? आमच्या ह्यांनी धोतर वर करून पायावरचा डाग दाखवला, "लढाईत गोळी खाल्ली" म्हणाले, आणि समोर बसलेली गावातली म्हातारी रंगूबाई ओरडली, "वकीलदादा, गोली लागली तं भोक पडल, हा तं भाजल्याचा डाग हाय!"—मी स्टेजवरच होते, वीरपत्नी म्हणून. नवरा शेजारी बसलेला धडधाकट, आणि मी वीरपत्नी! डोळ्यांना रुमाल लावून बस म्हणाले होते. बरा होता हो रुमाल, हसू झाकायला.

गोळी कसली डोंबलाची! लग्न झालं तेव्हा हे इथल्या कोर्टात वकील. हे बोलायला उठले की जज्जसाहेब पंख्याकडे बघत बसायचे. मग चीनची लढाई झाली आणि ह्यांनी काळा कोट खुंटीला लावून लष्कर गाठलं—देशासाठी, हो, ते खोटं नाही, तेव्हा खरंच पेटले होते. कॅप्टन झाले, तरी जवान म्हणायचे वकीलसाबच. रजेवर आले की आमटीत मीठ कुणी जास्त घातलं ह्याची चौकशी, साक्षीपुरावे, सगळं! तर एकाहत्तर साली असेच रजेवर आलेले. रेडिओवर सांगितलं, लढाई पेटली—रजा रद्द, दुसऱ्या दिवशी निघायचं. मी म्हटलं, निदान गणेशपुरीला दर्शन घेऊन येऊ. तिथली गरम पाण्याची कुंडं पाहिलीत ना? त्यातलं एक असं कढत की बायका काठावरूनच पाणी घेतात. म्हटलं, अहो, बोट बुडवून बघा आधी. तर म्हणतात कसे, "सैनिक बोट बुडवून बघत नसतो!"—आणि घातला की पाय, डावा, पार पोटरीपर्यंत! अशी बोंब ठोकली, देवळातला गुरव धावत आला. झालं! पलटण गेली सीमेवर आणि आमचे कॅप्टन कॉटवर, पायाला मलम. पाय बरा झाला तोवर लढाईच संपली, मग वर्दी उतरवली नि खादी चढवली. आता रविवारी मतदान, आमदार व्हायचंय.

काय म्हणालात? पाणी कढत आहे हे त्यांना ठाऊक नसेल? त्यांना ठाऊक नसेल? अहो, जन्म गणेशपुरीचा ह्यांचा! मुंजीच्या आधीपासून त्या कुंडांवर पडलेले, कुठल्यात उतरायचं नि कुठल्यात नाही, डोळे मिटून—

थांबा. ते लिहू नका.

मी तसं काही म्हटलं नाही. हसताय काय? त्या पलटणीतली किती पोरं परत आली नाहीत, माहीत आहे? हे कुणाकडे त्यांचं नाव काढत नाहीत, माझ्याकडेसुद्धा. आणि मला, खरं सांगू, तेव्हा आनंद झाला होता. माणूस घरात होता माझा. आजही होतोच आनंद, काय करू?

ठेवा ती कपबशी. नाही, चहा नको आता. पेन काढा, लिहा—डावा पाय, पोटरी, गोळी. हो, गोळीच. शत्रूची. मी स्वतः पट्ट्या बदलल्यात, मला विचारा. रंगूबाईला हल्ली नीट दिसत नाही, तेही लिहा. चपला तुमच्या त्या बाजूला आहेत.