जंत, कासव आणि आमचा टिल्लू

...आणि वर सगळे मलाच विचारतात, 'तुझं लक्ष कुठं होतं?' अहो, लक्ष देण्याचाच तर पगार घेते मी! तुम्हाला सांगते, शिंपल्यांच्या कारखान्यात माझं काम एकच: खालून दिवा लावलेल्या काचेवर शिंपल्याचं मांस पसरायचं, आत वेटोळं करून बसलेला जंत हेरायचा आणि चिमट्यानं ओढून काढायचा. तीन वर्षांत एक सुटला नाही! आणि त्या दिवशी सांभाळणारी बाई आली नाही म्हणून सोळा महिन्यांच्या टिल्लूला कामावर घेऊन गेले, हात धुवायला पाठ फिरवली, वळते तर काय... काचेवरचा कच्चा तुकडा गायब आणि आमचे चिरंजीव गाल फुगवून चघळतायत! तो तुकडा तपासलेला होता का? आठवेना. मी शिकलेली आहे हो, प्राणिशास्त्राची पदवी आहे, पण आठवेना!

सासूबाईंना फोन केला. 'अगं, पोरं माती खातात, काही होत नाही!' अहो आई, मातीला तोंड नसतं, जंताला असतं! मग पोराला उचललं आणि सुटले धावत, शेजारच्या कासवांच्या दवाखान्यात. हो, कासवांच्या! हा जंत शिंपल्यात नुसता ताटकळत बसतो, कासवानं शिंपला खाल्ला की त्याच्या पोटात मोठा होतो. मग माणसांच्या डॉक्टरला काय कळणार? मी शिकलेली आहे हो!

डॉक्टरबाई टबातल्या म्हाताऱ्या कासवाची पाठ घासत होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, 'या जंताला कासवच लागतं. तुमचा मुलगा कासव आहे का?'

आता हसू नका... पण मी टिल्लूकडे निरखून पाहिलं. सोळा महिने झाले, अजून रांगतोच! कुणी ओरडलं की मान आत घेतो! रोज त्याचे मऊ तळवे हातात धरून विचारते, कधी रे टेकवणार हे जमिनीवर?

'माणसाला झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही,' त्या म्हणाल्या, 'तरी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.' पण माझा जीव थाऱ्यावर असेल तर ना! मी तिथंच त्याला खाली बसवून लंगोट सोडला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, चिमटा खिशात होताच... आत्ता खाल्लेलं आत्ता तिथं कसं दिसेल, हे शिकलेल्या बाईला कळू नये?

तेवढ्यात डॉक्टरबाई ओरडल्या, 'अहो, बघा, बघा!'

वळले. टिल्लू उघड्या ढुंगणानं टबाला धरून उभा, कासवाची पाठ थोपटतोय.

'चालत आला हो! चार पावलं! पाहिलंत ना?'

काय सांगू... डॉक्टरबाईंनी पाहिलं, झाडूवाल्या मावशींनी पाहिलं, कासवानंसुद्धा मान वर काढून पाहिलं. आईच तेवढी लंगोट तपासत होती.

आणि हो, जंत नव्हता. शिकलेली आहे ना मी, नीट पाहिलं!