लाल दोरे

(१९८८. मासवणजवळचा पाडा, कारखान्यानं सांभाळायला दिलेल्या बारा मेंढ्यांच्या वजनाचा दिवस. बोईसरच्या तेल कारखान्याचे कमलाकांत साहेब, भागी आणि तिचा नवरा बुधा.)

साहेब : मेंढ्यांच्या गळ्यातले दोरे कुठं गेले, भागी?

भागी : सोडले.

साहेब : सोडले? अगं, सहा मेंढ्यांना निळे, सहांना लाल. निळ्यांच्या भरड्यात ओव्याचं तेल, लालांना नुसता भरडा. तीन महिने एवढंच तर करायचं होतं!

बुधा : मी नको बोललो व्हतो तिला, साहेब.

भागी : तू गप रे. साहेब, पावसात लाल दोऱ्याची झुंबरी फुगली. पोट टम्म. तुमाला निरोप धाडला का नाय?

साहेब : मिळाला होता. पण लालांना तेल द्यायचं नाही, हाच नियम. नाहीतर तेलाचा गुण कळणार कसा?

भागी : ती माज्या दारात पाय झाडत व्हती. बाटली फळीवर, आन मी बघत बसू? पाण्यातून पाजलं. सांजेला उठली, चरायला लागली.

साहेब : बरं, एकदा दिलंस. पुढं?

भागी : पुढं सगळ्यांनाच. एकीनं खायाचं आन दुसरीनं बघायचं, आमच्या दारात नाय चालत. सहांचं तेल बारांत वाटलं.

साहेब : म्हणजे निम्म्या तेलावर... आणि वजन तर बाराही जणींचं वाढलंय!

भागी : मग झालं की चांगलं.

साहेब : कसलं चांगलं! निम्म्या तेलात भागतं, हे मी तेल विकणाऱ्या मालकांना कोणत्या तोंडानं सांगू? हे बघ, कागद तयार आहे. लालांना तेल दिलं नाही, त्यांचं वजन वाढलं नाही, असं लिहिलंय. अंगठा दे. ठरल्याप्रमाणे सहा मेंढ्या तुझ्या.

बुधा : दे ना भागे. सहा मेंढ्या हायत. आपल्या दारात कधी आल्या व्हत्या?

भागी : दिलं ते दिलं. नाय दिलं म्हणून अंगठा नाय लावायची.

साहेब : मग उद्या टेम्पो येईल. बाराही जातील.

भागी : येऊ दे.

साहेब : बुधा, घरातला कर्ता तू ना? तुझा अंगठा चालेल.

बुधा : माजा?

साहेब : हो. ये इकडं.

बुधा : नाय साहेब. ही लाकडाला रानात गेली का मीच घालायचो तेल. लालांना पण.

भागी : तू? मला नाय बोललास ते!

बुधा : तुला नको बोललो आन मीच घालतो म्हणून तू ओरडली असतीस.

साहेब : दोघांनी मिळून माझे तीन महिने बुडवलेत. उद्या सकाळी टेम्पो येतोय, मेंढ्या बांधून ठेवा.

भागी : ठेवते. झुंबरीला मधी उभी करा, गाडीला बिचकते ती. आन ही बाटली न्या, तळाला उरलंय अजून. तिकडं गेल्यावर बाराही जणींना घाला.