ट्रकले जुंपलेले बैल

धक्का तं साऱ्यायनंच मारला असंन, आमी मात्र ट्रकले बैल जुंपलेत!

कापसाले कोणी विचारत नव्हतं, त्या वर्साची गोष्ट. आमचा कापूस बशीरभाईच्या ट्रकात घालून मारेगावले विकाले गेलतो. खरेदी केंद्राबाहेर ही लांब रांग! आमचा नंबर आला अन् ट्रक काही चालू होईना.

बशीरभाई बोनेटात डोकं घालून म्हणे, "इंजनानं हवा धरली."

मागून बंडीवाले नामदेवकाका वरडले, "मंग बाजूले घे ना बाप्पा!"

मी म्हणलं, "काका, बाजूले घ्यालेबी चालू तं झाला पायजे!"

काकानं बंडीचे बैल सोडले अन् ट्रकले जुंपले. आमी सारे मागून लोटून राह्यलो. बशीरभाई स्टेअरिंगवर बसून बैलायले हॉर्न देऊन राह्यला!

आत गेलो, कापूस खाली केला. बशीरभाईनं चाबी फिरवली, तं ट्रक एका दमात चालू!

काका बैल धरून पाहतच राह्यले. "काहून रे, आता कसा झाला चालू?"

बशीरभाई म्हणे, "काका, कापूस अंगावर असला का आपल्यालेबी काही सुचत नाही. गाडीबी याच जिल्ह्याची हाये."